पायाखालचं पाणी

२ एप्रिल

आनंद भोरला परत गेला. दोन दिवस राहिला, माझी सगळी बिस्किटं संपवली आणि जाताना माझी अब्रू वाडीभर वाटून गेला.

झालं असं. शेजारचा गोरख, टेम्पो चालवतो तो, सकाळी कडब्याचा भारा उचलायला वाकला तो सरळ होईचना. अंगणात पालथा पडून ओरडत होता. मी मलमाची ट्यूब द्यावी म्हणून कंपाउंडपाशी गेले, तर माझा हा भाऊ, बासष्ट वर्षांचा घोडा, भिंतीवरून ओरडला, “अहो, उसण भरलीय ना? मग आमची ताई पायाळू आहे की!”

शाळा सुटल्यापासून ही गोष्ट मी कॉलेजात, ऑफिसात कुठेही कळू दिली नव्हती. आईच्या पोटातून मी डोक्याऐवजी पायांनी बाहेर आले, यात माझं कर्तृत्व काय? पण लोकांची समजूत अशी की असं माणूस नशिबाचं, त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, आणि जमिनीखालचं पाणीसुद्धा त्याला कळतं.

गोरखची आई सगुणाबाई फाटकाशी आली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. “व्हय का वो बाई? पायाळू हायसा तुमी? आन बोलला न्हाई ते!”

मी म्हटलं, “त्याला नसरापूरच्या डॉक्टरकडे न्या.”

“डाक्टर कुटं पळतोय? आधी पाय लावा.”

“ताई, लाव ना,” आनंद म्हणाला. “तुझं काय झिजतंय?”

गेले. मला चपला काढायला लावल्या, मग मोजेसुद्धा. ज्या माणसाशी मी आजवर चार वाक्यंही बोलले नव्हते, त्याच्या उघड्या पाठीवर मी डावा पाय ठेवला. तो म्हणाला, “लई गार हाय वो पाय.” अर्ध्या तासाने तो उठून बसला. आखडलेले स्नायू अर्ध्या तासाने सुटतातच, कुणी पाय लावो न लावो. हे मी मोठ्याने सांगितलं. कुणीही ऐकलं नाही.

सगुणाबाई म्हणाली, “लई नशीबवान हाय बाई तुमी. उगं न्हाई तुमच्या बोअरला एवढं पानी.”

“बोअर मी पाडलेली नाही. बंगला बांधणाऱ्याने आधीच पाडून ठेवली होती.”

“पन बंगला घेनार तुमीच व्हता न्हवं?”

सुशिक्षित माणसाची इथे पंचाईत होते.

४ एप्रिल

झोप नाही. चार वेळा उठून पाणी प्यायले.

नशीबवान! हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरलं. लग्न झालं नाही तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, नशीबवान आहेस, सासुरवास नाही. विमा कंपनीत दावे विभागात बसायचे तेव्हा बदलीला वैतागलेले लोक म्हणायचे, नशीबवान आहात, पुण्याबाहेर जावं लागलं नाही. आई-वडिलांची आजारपणं एकटीने काढली तर आनंद म्हणाला, नशीबवान आहेस, तुला त्यांचा शेवटपर्यंत सहवास मिळाला. ज्याला आपण मदत करणार नसतो त्याला नशीबवान म्हणून मोकळं व्हायचं, अशी सोय आहे ती.

आणि पायाळूचं नशीब तर अजबच. त्याचा फायदा दुसऱ्याला. स्वतःला काय, तर विजेची भीती. पायाळूवर वीज पडते म्हणे. पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये आईने सिस्टरना सांगून ठेवलं होतं की गडगडायला लागलं की हिला खिडकीपासून लांब बसवा. सिस्टर आयरिन सगळ्या वर्गासमोर विचारायच्या, काय ग, आज तुला न्यायला वीज येणार आहे का? मुली बाकं बडवून हसायच्या. तेव्हापासून हे प्रकरण मी गाडून टाकलं होतं. आनंदने उकरून काढलं.

९ एप्रिल

आज अकराजण आले. अकरा! कामथडीहून एक पैलवानासारखा माणूस मोटरसायकलवर मागे बसून, कण्हत. रतनबाई खालच्या आळीतली, तिची कंबर. तिची सून, तिची कंबर नव्हतीच धरलेली, पण ‘लागलीच लावून घेते’ म्हणाली. एकाने नारळ आणला. मी तो परत केला, तर त्याने तो गुपचूप तुळशीपाशी ठेवला.

मी नियम केले आहेत. नारळ नाही, फुलं नाहीत, पाया पडायचं नाही, पाठ धुऊन यायचं, आणि आठ दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टर. व्हरांड्यात सतरंजी घालून ठेवली आहे, कारण लोक फरशीवर झोपतात आणि फरशी गार असते, उगाच आणखी आखडायचे. उद्यापासून सकाळी सहाला उठून व्हरांडा झाडून घ्यावा लागेल. हा सगळा त्रास आनंदमुळे.

रतनबाईने जाताना तिच्या दिराच्या तीन बायकांची हकिगत सांगितली. पूर्ण पाऊण तास. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही, हे तिने उगाच मनावर घेऊ नये.

१५ एप्रिल

ऊन भयंकर. वेल्ह्याकडच्या डोंगरांवर पावसाळ्यात ढग बसून राहतात, रस्ता दिसत नाही, आणि एप्रिलमध्ये वाडीच्या नळाला हवा येते. नळ आहेत, मीटर आहेत, पाटी आहे, पाणी नाही. बायका खालच्या विहिरीवरून हंडे आणतात. माझ्या फाटकावरूनच वाट आहे. पहाटेपासून हंड्यांचे आवाज.

मागच्या उन्हाळ्यात गोरखची बायको सोनिया दोन हंडे मागायला आली होती. दिले. दुसऱ्या दिवशी पाच बायका. मोटर जळली असती तर? मी फाटकाला कुलूप लावायला लागले. यात चूक काही नाही. नियम नसला की व्यवस्था राहत नाही, हे मी पस्तीस वर्षं नोकरीत पाहिलं आहे. माझी निवृत्तीची सगळी रक्कम या घरात आहे, आणि घर घेतलं ते या पाण्यासाठी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये टँकरच्या भांडणांनी जीव नकोसा झाला होता.

संध्याकाळी सगुणाबाई आणि गोरख आले. गोरख बोअर पाडणार आहे. गाडी या महिनाअखेरीस या बाजूला येणार, एकाच भोकाची ऐपत आहे. “मॅडम, रानातनं एकदा चालून द्या,” गोरख म्हणाला. “जितं थांबाल तितं मारू.”

“मी पाय लावते ते तुमच्या समाधानासाठी. जमिनीखालचं मला काही कळत नाही.”

सगुणाबाई म्हणाली, “कळंना का. पायाला कळतंय.”

मी स्पष्ट सांगितलं की हे काम भूगर्भशास्त्राचं आहे. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा मुलगा शौनक तेच शिकला आहे, त्याला बोलावते, फुकट येईल. गोरख म्हणाला, आणा की. सगुणाबाई उठताना म्हणाली, “मशिन आना न्हाईतर साहेब आना. पन जागा तुमचा पाय दावंल तीच. म्या दुसरीकडं भोक मारू द्यायची न्हाई.”

हट्टी बाई. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी आहे आणि मला ‘लताबाई’ म्हणून असं बोलावते की जणू मी तिच्याकडे धुण्याला आहे.

२० एप्रिल

शौनक आला. लोखंडी खुंट्या ठोकल्या, वायरी लावल्या, पेटीतले आकडे पाहिले. गोरख टेम्पो घेऊन सारोळ्याला गेला होता. सगुणाबाई गोठ्याच्या सावलीत बसून, कोंबडं नाचताना पाहावं तसं सगळं पाहत होती. शौनकला तिने काहीही विचारलं नाही, फक्त “पोराला ताक देऊ का” एवढंच.

नंतर माझ्याकडे चहा घेताना त्याने इंग्रजीत सांगितलं. दोन जागा आहेत. एक वर, गोठ्याच्या मागे. तिथे असलं तर असेल, फार भरवसा नाही. दुसरी खाली, गोरखच्या रानाचा माझ्या कंपाउंडला लागून असलेला कोपरा. तिथे पाणी आहेच, जवळजवळ खात्रीने.

“पण मावशी, तिथे खडकात तुमच्याच बोअरला पाणी देणारी भेग आहे. तिथे मारलं तर तुमचं पाणी उतरेल. कदाचित उन्हाळ्यात आटेल. त्यांचं रान खालच्या अंगाला आहे ना.”

मी विचारलं, “किती उतरेल?”

“सांगता नाही येणार. गोरखदादांना मी फोन करून दोन्ही जागा सांगू का?”

मी म्हटलं, नको, मी सांगते. त्याला पुण्याला लवकर पोचायचं होतं.

गोरख रात्री आठला आला आणि भिंतीवरून विचारलं, “काय म्हनले साहेब?” मी म्हटलं, “अभ्यास करून कळवणार आहे.” हे खोटं आहे. पण आधी मला विचार करायला वेळ तर हवा.

२२ एप्रिल

विचार करते आहे.

एक: पाणी माझ्या जमिनीखालचं आहे. दोन: भेग माझ्या जमिनीखाली सुरू होते की त्यांच्या, हे कुणाला माहीत? तीन: वरची जागा ‘नाहीच’ असं शौनक म्हणाला नाही. असलं तर असेल म्हणाला. दावे विभागात आम्ही अशा शब्दांवर निकाल दिलेले आहेत. चार: त्यांना शास्त्र नकोच आहे, पाय हवा आहे. मग पाय जिथे थांबेल तिथे थांबेल.

सकाळी सतरंजीवर पाचजण होते. एका बाईच्या पाठीवर पाय ठेवला आणि ती म्हणाली, “तुमचा पाय आज थरथरतोय वो.” झोप नाही म्हणून.

दुपारी आंघोळ केली, संध्याकाळी पुन्हा केली. फर्नला दोनदा पाणी घातलं. मुळं कुजतील अशाने.

२५ एप्रिल

चालून दिलं.

सगुणाबाईने माझे पाय धुतले. तांब्यातलं पाणी खालच्या विहिरीचं होतं, गढूळ. मी म्हटलं, कशाला वाया घालवता? ती म्हणाली, “आज वाया न्हाई जात.” हळद-कुंकू लावलं. आळीतल्या सगळ्या बायका बांधावर. जमीन तापलेली, ढेकळं टोचत होती. पायाला काय कळतं म्हणतात. पायाला चटके कळतात.

खालच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. तिथे काही वाटलं नाही. काय वाटणार? आडवी गेले, उभी गेले, गोठ्याच्या मागे गेले आणि थांबले.

“हितंच?” सगुणाबाईने विचारलं.

“हो.”

तिने दगड रोवला आणि वर नारळ ठेवला. सोनिया माझ्या चपला घेऊन आली. चपला पायाशी ठेवताना हळूच म्हणाली, “मॅडम, खालच्या कोपऱ्यात तुमी लई भराभरा चालला.”

“चटके बसत होते.”

“तितं तर लिंबाची सावली हाय,” ती म्हणाली, आणि गेली. फार बोलते ही मुलगी.

वरच्या जागीही पाणी लागू शकतं. मी कुणाला फसवलेलं नाही. शक्यता आहे.

२९ एप्रिल

हात मातीने भरले होते, आता धुतले, तरी नखांत आहे. सगळं क्रमाने लिहिते.

बोअरची गाडी सकाळी आली. दहाला मशीन सुरू झालं. आधी लाल मुरूम, मग काळा पाषाण. करडी पावडर उडून गोठा, म्हशी, माझ्या दोरीवरच्या साड्या, सगळं राखेसारखं झालं. बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. दर पाइपाला सगुणाबाई ओंजळीत ती पावडर घेऊन बोटांनी चोळून पाहायची, ओल आहे का. दोनशे फूट. तीनशे. कोरडी ती कोरडीच. साडेतीनशेला ऑपरेटरने हात हलवला आणि मशीन बंद केलं.

गोरख पावडरीच्या ढिगावर बसला. मला वाटलं आता बोलतील. मी तयार होते. काय काय बोलतील आणि मी काय उत्तर देईन, हे मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

सगुणाबाई उठली, माझ्यापाशी आली, आणि माझ्या खांद्यावरची पावडर झटकत म्हणाली, “मनाला लावून घिऊ नका. तुमच्या पायाचा काय दोस? आमचंच नशीब फुटकं.”

सोनियाने चहा आणला. सगळ्यांत आधी मला. “घ्या मॅडम, उनात बसलाय कधीच्या.” चहाचं पाणी कुठलं ते मला माहीत होतं. सकाळी ती माझ्या फाटकावरून हंडा घेऊन गेलेली मी पाहिली होती.

कप तसाच खाली ठेवला. मी घरी आले. बेसिनचा नळ सोडला, तोंड धुवायला. जोरात पाणी आलं. अंगठ्याएवढी धार. मी नुसती बघत उभी राहिले. तिकडे पाइप उतरवून गाडीत टाकल्याचा आवाज येत होता, एकेक, खण खण. वेल्ह्याच्या पुढे कुठे तरी त्यांना संध्याकाळी पोचायचं होतं.

नळ बंद केला की नाही आठवत नाही. पायात चप्पल नव्हती हे तिथे पोचल्यावर कळलं. मी खालच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले आणि ओरडले, “इथे मारा!”

ऑपरेटर म्हणाला, “आजी, आता गाडी चालली.”

“मला आजी म्हणू नका. इथे मारा. याचे पैसे मी देते.”

“मॅडम, ऱ्हाऊ द्या,” गोरख म्हणाला. “तुमी कशाला?”

पण सगुणाबाईने माझ्या पायांकडे पाहिलं, अनवाणी, धुरळ्यात. तिचा चेहरा बदलला. तिने गोरखच्या दंडाला धरलं. “गप! बाईंच्या पायाला कळलंय. मार म्हन त्याला!”

नाही हो, पायाला नाही, मला शौनकने सांगितलंय, असं मी म्हणणार होते. मशीन सुरू झालं.

दीडशे फुटांच्या आतच पावडर उडायची थांबली, चिखल झाला, आणि मग ते पाणी आलं. लिंबाच्या शेंड्याएवढं उंच. गोरख त्याच्याखाली उभा राहून वेड्यासारखा हसत होता. सोनियाने मला मिठी मारली, माझा चष्मा पडला. सगुणाबाई त्या चिखलात खाली बसली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय ओढून घेतला तर तिने घट्ट धरून ठेवला.

माझ्या आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

३० एप्रिल

सकाळपासून माणसं. हार, नारळ, पेढे. सारोळ्याहून एकजण जीप घेऊन आलेला, ‘आमच्या रानात चला’ म्हणून. सतरंजीवर जागा नाही. आनंदचा फोन, “ताई, भोरच्या बाजारात तुझंच नाव! मी तुझा भाऊ म्हणून भाजीवालीने कोथिंबीर जास्त घातली.” मी फोन ठेवून दिला.

सगळे म्हणतात, नशीबवान. एकानेही दुसरा शब्द वापरला नाही. माझी मोटर आज दोनदा हवा ओढत होती.

सगळ्यांना सांगितलं की पाय दुखतो आहे, आणि फाटक लावून घेतलं.

१ मे

न सांगण्याची कारणं: पाणी लागलं आहे. दुसऱ्या भोकाचे पैसे मी दिले आहेत. माझं पाणी गेलं, म्हणजे शिक्षाही झाली. एखादा दावा असा बसला की आम्ही फाइल बंद करत असू.

बंद होत नाही. सगुणाबाई दुपारी हौसेने तांदळाची खीर घेऊन आली होती. फाटकाबाहेर उभी राहून हाक मारत होती, “लताबाई, पाय कसा हाय? शेकायला मीठ देऊ का?” मी आतून ‘झोपले आहे’ म्हणाले. झोपलेलं माणूस असं सांगत नाही, हे तिलाही कळलं असणार.

२ मे

सांगितलं.

सकाळीच गेले. सगुणाबाई म्हशीची धार काढत होती. तिने पाट सरकवला. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: शौनक काय म्हणाला, दोन जागा, कोपऱ्यातून मी भराभर का चालले, गोठ्यामागे का थांबले. पायाला काही कळलं नव्हतं, तेही.

ती धार काढतच राहिली. मला वाटलं ऐकलं नाही. मग भांडं बाजूला ठेवलं.

“म्हंजी तुमाला ठावं व्हतं.”

“हो.”

“म्या तुमचं पाय धुतलं तवा?”

“हो.”

“आन त्या सुक्या भोकाशी दिसभर बसलो आमी, तवाबी?”

“हो.”

आणि मग ती जी सुटली! असा आवाज मी कधी ऐकला नाही. म्हैस बिथरली. गोरख टॉवेलवर बाहेर आला. “माजी सासू म्हनायची, पायाळूला इजंचं भ्या असतंय. हिला शेजाऱ्याच्या घागरीचं भ्या! अगं बये, मागितलं असतंस तर त्या कोपऱ्याला हात लावला नसता आमी. निम्मं निम्मं म्हनलं असतं. इंग्रजी शिकून हेच शिकलीस व्हय?”

दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मला ‘अगं’ म्हटलं.

गोरख म्हणाला, “आये, बास कर, मॅडम हाईत.”

“म्याडम गेली खड्ड्यात! त्यो खड्डाबी सुकाच हाय!” ती म्हणाली, भांडं उचललं आणि आत गेली.

मी घरी आले. बोलण्याची ही काय पद्धत? आपण होऊन येऊन खरं सांगणाऱ्या माणसाशी? मला फार राग आला आहे. रागातच पोळी-भाजी केली आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. दुपारी पडल्यापडल्या झोप लागली, संध्याकाळी सातला जाग आली. वयामुळे झोपेचं काही सांगता येत नाही.

५ मे

सतरंजी गुंडाळून ठेवली. कुणीही येत नाही. सगुणाबाईने आळीत सांगितलं असणार. बरं झालं, एक त्रास संपला. सकाळी सहाला तरीही उठले आणि व्हरांडा झाडला, धूळ होती म्हणून.

मोटर नुसती हवा ओढते. टाकी रिकामी. पिण्यासाठी बाटल्या मागवल्या, पण आंघोळ बाटल्यांनी करायची का? कंपाउंडच्या पलीकडे गोरखची नवी मोटर चालते आणि सगळी वाडी हंडे घेऊन तिथे. सगुणाबाई खाटेवर बसून पाणी वाटते. कुणालाही परत पाठवत नाही. मोटर जळेल अशाने, हे तिला कुणी तरी सांगायला हवं.

दुपारी सोनिया भिंतीशी आली. “मॅडम, पानी न्हाई न्हवं तुमाला?”

“आहे माझी सोय.”

“आत्या म्हनल्या, पाइप टाकू देनार न्हाई. पन हंडा घिऊन आल्या तर न्हाई म्हननार न्हाई.” मग पुढे वाकून, “हंडा हाय का तुमच्याकडं?”

नव्हता. प्लॅस्टिकची बादली आहे म्हटलं तर ती इतकी हसली की भिंतीला टेकली.

७ मे

नसरापूरहून हंडा आणला. एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, “मावशी, हंड्याचं अर्धं तिकीट घ्या.” सगळी गाडी हसली. इथल्या लोकांना दुसऱ्याच्या मांडीवर काय आहे याची फार पडलेली.

८ मे

अपमान, अपमान, अपमान.

सकाळी साडेसहाला गेले. पंधरा बायका. मी हंडा घेऊन सरळ नळापाशी गेले, कारण माझा एकच हंडा, बाकीच्यांचे तीन-तीन. हे तर्काला धरून होतं.

“ओ लताबाई!” खाटेवरून आवाज. “नंबरानं. पायाळू असाल तुमच्या घरी.”

सगळ्या हसल्या. मी मागे गेले. रतनबाई माझ्या पुढे, तिने मागे वळून माझा हंडा हातात घेतला, वाजवून पाहिला आणि जाहीर केलं की पत्रा पातळ आहे, फसवलं मला. मग त्यावर चर्चा. कुठल्या दुकानातून, किती वाजता, भाव केला का. माझा नंबर आला तेव्हा सगुणाबाई म्हणाली, “इसळून आनलाय का? आतनं तेल लावलेलं असतंय नव्याला. इसळा आधी. आन पानी फेकू नका, त्या आळ्यात वता.”

मी विसळला. आळ्यात ओतलं. भरून उचलायला गेले तर येईना. “आसं न्हाई. कमरंत वाकू नका, गुडघ्यात वाका. कंबर धरंल, मग तुमच्या पाठीला पाय लावायला कोन हाय?” पुन्हा हशा. सोनियाने चुंबळ करून डोक्यावर ठेवली, हंडा चढवला. फाटकापर्यंत निम्मं पाणी माझ्या मानेवरून आत गेलं होतं.

मागून ती ओरडतच होती, “मान ताठ! बांधाकडनं! खाली बगू नका!”

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मला चालायला शिकवते आहे.

११ मे

आज फक्त एकदा सांडलं. सगुणाबाई म्हणाली, “हां.” बाकी काही नाही. चार दिवसांत तिने मला फक्त शिव्या दिल्या आहेत, त्या हिशेबाने ‘हां’ म्हणजे तिची तब्येत बरी नसावी. संध्याकाळी विचारून आले. बरी आहे. उलट मलाच म्हणाली, “बसायचं तर बसा, उभ्यानं जीव खाऊ नका,” म्हणून बसावं लागलं. लसूण सोलायला पुढ्यात टाकला. मी सोलला. पाकळ्या चिरडते म्हणून त्यावरूनही बोलून घेतलं.

नशीबवान वगैरे आता मला कुणी म्हणत नाही. निदान एवढी तरी कटकट मिटली.

१४ मे

अंधार पडल्यावर गोरख कंपाउंडशी आला. खांद्यावर पाइपाचं भेंडोळं. दबक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, आई देवळात गेलीय. पटकन टाकी भरून घ्या. एका तासात भरंल. रोज असं भरून देत जाईन, तिला कळायचं न्हाई. तुमच्या वयाला हंडे नकोत.”

चांगला मुलगा आहे. पाइपाचं टोक त्याने भिंतीवरून आत टाकलंसुद्धा.

मी ते उचलून परत त्याच्या हातात दिलं.

“का वो?”

मी म्हटलं, तुझ्या आईच्या पाठीमागे मला काही नको. ते खरं आहे, पण पूर्ण कारण ते नाही. पूर्ण कारण काय ते लिहायला बसले होते, आता अर्धा तास झाला, सुचत नाही. टाकी भरली असती तर काय बिघडलं असतं? सकाळी आठपर्यंत झोपता आलं असतं. गरम पाण्याने आंघोळ, मग चहा, मग पेपर, मग दिवसभर घर.

जाऊ दे. उद्या पहाटे पाचचा गजर लावला आहे. रतनबाई आदल्या रात्रीच हंडा रांगेत ठेवून जाते, ते मी चालू देणार नाही. नंबर म्हणजे नंबर. आणि एकदा नंबर गेला की सगुणाबाई कुणाचं ऐकून घेत नाही.